जोतिबांचा हौद आणि गावचं मसण

पुण्याला गंजपेठेत जोतिबांचा वाडा बघून आलो. वाडा म्हणायचा, पण आहे बसकं, कौलारू घर. शनिवारवाडा डोक्यात ठेवून जाल तर फसाल. पेशव्यांना फुलं पुरवून गोऱ्ह्यांचे फुले झाले, त्या माळ्याच्या पोराचं हे घर. सरकारनं ते जपलंय. ठीक आहे.

१८८३ साली ह्या माणसानं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. भट-कुलकर्णी, सावकार, जंगलखातं आणि गोरा अंमलदार मिळून कुणब्याला कसे नागवतात त्याचा रोकडा हिशेब. नुसता शिव्याशाप नाही. शिपायांना कामाला जुंपून ताली-बंधारे घाला, पावसाचं पाणी शिवारात जिरवा, असं सांगणारा हा पक्का शेतीवाला होता. १८८८ ला इंग्रज राजपुत्रापुढं फाटक्या शेतकऱ्याच्या वेशात उभा राहिला.

आणि ह्याच माणसानं १८६८ साली घरचा पाण्याचा हौद महार-मांगांना खुला केला. बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले १९२७ ला. मधली एकोणसाठ वर्षं आपली माणसं कुणाच्या ओंजळीखाली वाकत होती?

मी उभा होतो तेवढ्यात दोन जीपा आल्या. कडक इस्त्रीचे बागायतदार. समाधीला हार, हारासकट फोटो, जोतिबांचा जयजयकार. त्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं,

"मामा, गावात आमची माणसं तुमच्या विहिरीवर भरतात का?"

"आता नळ आलाय बाबा. तसलं काय राहिलं नाही."

"आणि मसण?"

मामा चपला शोधायला लागले.

जोतिबांनी स्वतःसाठी घरामागं खड्डा खणून घेतला होता. मिठात घालून पुरा म्हणाले होते. १८९० ला ते गेले तेव्हा नगरपालिकेनं नाही म्हटलं, दहन करावं लागलं. मेल्यावर कुठं जायचं हेसुद्धा त्यांना ठरवू दिलं नाही. आणि आज त्यांचंच नाव घेणारी गावं आमचं मढं आपल्या मसणात येऊ देत नाहीत. १९७८ ला नामांतरावरून मराठवाड्यात आमची घरं पेटवली, तेव्हा काड्या काय सगळ्या भटांच्याच हातात होत्या? असूड शूद्रानं हातात घेतला आणि अतिशूद्राच्या पाठीवर ओढला, च्यायला!

आपणही धड नाही. जयंतीला ढोल, बॅनर, की मोकळे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, बायाबापड्यांनी तुरुंग भरले. माझ्या आज्याच्या नावावर वाफासुद्धा नव्हता, म्हणून बाप मुंबईला आला, म्हणून मी गोदीत ओझी उचलतो. हे कुठल्या बॅनरवर लिहिलंय?

येत्या ११ एप्रिलला वाड्यावर जरूर या. हार नको. आपापल्या गावच्या गायरानाचा सातबारा घेऊन या. कुणाचा नांगर त्यात फिरतोय ते तिथंच बसून बघू.