समाजसेवेला डिग्री कशाला?

परवा धनजला लग्नाच्या पंगतीत काकांनी विचारलं, "एमएसडब्ल्यू म्हंजे काय रे? समाजसेवेले डिगरी कायले पायजे? गाडगेबाबा कोन्त्या कॉलेजात गेले होते?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

काका, गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं ते १९५६ ला जाईपर्यंत गावोगाव हिंडले. पन्नास वर्षांचं ते शिक्षणच होतं की! तेवढा वेळ आपल्याकडे नाही, म्हणून तर कॉलेज. मुंबईत १९३६ साली देशातली पहिली समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. चांगल्या मनाला पद्धतही लागते, हे तेव्हाच लोकांना कळलं होतं.

आता आपल्याच कारंजा तालुक्यातलं बघा. शेतकऱ्याने जीव दिला की घरी गर्दी होते. सांत्वन सगळेच करतात. पण मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. नावावर जमीन होती का, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, सगळं बघतात. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर? वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे कधी द्यायचा? आणि हे सगळं त्या बाईला कधी विचारायचं, कधी नुसतं गप्प बसून ऐकायचं? हे कौशल्य आहे. नुसत्या कळवळ्याने येत नाही.

पण मंडळी, डिग्रीवाल्यांनीही खूश होऊ नये. क्षेत्रकार्य म्हणजे सरपंचाची सही, बॅनरसोबत फोटो आणि गेल्या वर्षीच्या अहवालाची नक्कल, असं करून पास झालेले मी पाहिलेत. 'व्यक्ती सहयोग कार्या'ची व्याख्या तोंडपाठ, पण रडणाऱ्या माणसासमोर पाच मिनिटं बसवत नाही. अशांना पदवी देणं ही त्या बाईची फसवणूक आहे. तोंडी परीक्षेत व्याख्या कसल्या विचारता? ज्या घरी तो विद्यार्थी वर्षभर गेला, त्या घराचं कोणतं काम मार्गी लागलं ते विचारा.

'डिग्री कशाला' म्हणणारे काका आणि नक्कल करून पास होणारा पोरगा, दोघांचं मत एकच आहे: यात शिकण्यासारखं काही नाही. चूक करतात दोघं, भोगते ती तिसरीच.

असो. काका, हे वाचलंत तर फोन करा. भांडू :)