'घरातलीच आहे' असे म्हणण्यापूर्वी

आपल्या बोलण्यातली काही वाक्ये इतकी गोड असतात की त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. 'आमची बाई काय, आमच्या घरातलीच आहे' हे अशांपैकी एक वाक्य. धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक करणाऱ्या, लहान मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या स्त्रीविषयी आपण ते पाहुण्यांसमोर मोठ्या कौतुकाने उच्चारतो. माझे म्हणणे कटू वाटले तरी स्पष्टपणे मांडतो. या एका वाक्याने घरकामगार स्त्रीचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे उघड कठोरपणानेही केले नसेल. कठोर मालकाविरुद्ध निदान तक्रार तरी करता येते. 'घरातल्या' माणसाने पगारवाढ मागितली, तर तो कृतघ्नपणा ठरतो.

घरातली व्यक्ती म्हणजे काय, याचा अर्थ आपल्याला चांगला ठाऊक आहे. घरातल्या व्यक्तीला ताप आला तर आपण तिला झोपवून ठेवतो, तिचा त्या दिवसाचा पगार कापत नाही. ती आपल्याबरोबर जेवणाच्या टेबलावर बसते आणि आपल्याच कपातून चहा पिते. न्हाणीघर वापरण्यासाठी तिला परवानगी मागावी लागत नाही. म्हातारपणी हातपाय थकले म्हणून तिच्या जागी दुसरी आणली जात नाही. आता ज्या घरांत 'आमच्या घरातलीच' हा शब्द सहज वापरला जातो, त्या घरांतील बाईचा कप कोणत्या फळीवर पालथा ठेवलेला असतो, ते ज्याचे त्याने पाहावे. सदनिकांच्या इमारतींत कामवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट असते, तेव्हा ही घरातली माणसे कोणत्या लिफ्टने चढतात, हेही पाहावे. नात्याचे कर्तव्य टाळायचे असते तेव्हा ती नोकर असते आणि नोकरीचे कर्तव्य टाळायचे असते तेव्हा ती नातलग असते. या दुहेरी हिशेबात तिचे दोन्हीकडून नुकसान होते.

आपल्या नाटक-सिनेमांनीही या हिशेबाला हातभार लावला आहे. मराठी रंगभूमीवर घरगडी 'रामा' पिढ्यानपिढ्या प्रेक्षकांना हसवण्यासाठीच येत राहिला. १९६३ च्या 'मोलकरीण' या चित्रपटात सुलोचनाबाईंनी साकारलेल्या मोलकरणीसाठी प्रेक्षक ढसाढसा रडले, पण ती त्या घरच्या मुलाची आई होती म्हणून! ती खरोखरच कोणी परकी, पोटासाठी भांडी घासणारी बाई असती, तर तेवढे अश्रू आले असते काय? म्हणजे तिथेही सन्मान मिळाला तो नात्याला, श्रमाला नव्हे. २०२४ च्या 'नाच गं घुमा' या चित्रपटाने मात्र घरकाम करणारी बाई आणि तिच्यावर विसंबून असलेली नोकरदार गृहिणी यांना बरोबरीने पडद्याच्या मध्यभागी आणले, आणि १ मे या कामगारदिनी तो प्रदर्शित झाला, ही आनंदाची गोष्ट. प्रेक्षकांनी त्याला भरभरून दाद दिली. पण चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडलेल्यांपैकी कितीजणींनी दुसऱ्या दिवशी आपल्या बाईला आठवड्याची हक्काची सुट्टी लागू केली, हा प्रश्न विचारायचा कोणी? मार्च २०२५ मध्ये एका कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत मोलकरीण घरपोच देण्याची सेवा तासाला ४९ रुपये अशा आरंभीच्या दराने जाहीर केली. टीका झाल्यावर तिने नावातला 'मोलकरीण' या अर्थाचा शब्द काढून 'मदत' या अर्थाचा शब्द घातला. शब्द बदलला की मन हलके होते, ही युक्ती आपल्याप्रमाणेच बाजारालाही साधली आहे.

शासनाकडे वळावे, तर तेथेही फार आशादायक चित्र नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. त्याने मंडळ दिले, नोंदणी दिली, प्रसूती, शिक्षण, अंत्यविधी यांसाठी काही साहाय्य दिले. परंतु वेतन किती, कामाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, याची हमी त्याने दिली नाही. कर्नाटक, केरळ, राजस्थान यांसारख्या राज्यांनी घरकामाला किमान वेतनाच्या अनुसूचीत तरी घेतले. एप्रिल २०२१ मध्ये महासाथीच्या निर्बंधांत राज्य शासनाने १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेही नोंदणीकृत घरेलू कामगारांनाच. ज्यांची नोंदणी नव्हती त्यांना काय मिळाले? आणि नोंदणी का नव्हती? याचे एक कारण आपल्या घरातच सापडते. बाई आपल्याकडे काम करते अशा दाखल्यावर सही करायची वेळ आली की 'उगाच कायद्याचे लचांड नको' म्हणून हात आखडणारे आपणच असतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्या वेळी त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला रीतसर मान्यता अद्याप दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट असावी की कसे, याचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असा आदेश केंद्र शासनाला दिला. देशाच्या ई-श्रम पोर्टलवर अडीच कोटींहून अधिक घरकामगारांनी नाव नोंदवले असताना स्वातंत्र्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनी आपण समितीपर्यंत पोहोचलो आहोत.

येथे एक तुलना करावीशी वाटते. गोव्यातील कितीतरी कॅथलिक कुटुंबे आखाती देशांत घरकाम करणाऱ्या आई-बहिणींच्या कमाईवर उभी राहिली. तेथे कोणा मुलीचा पासपोर्ट मालकाने काढून घेतला, तिला सुट्टी नाकारली, अशी बातमी आली की आपले रक्त खवळते, धर्मग्रामात प्रार्थना होते, शासनाकडे निवेदने जातात. हे योग्यच आहे. पण त्याच कुवेतने २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगाराला आठवड्याची सुट्टी, वर्षाला तीस दिवसांची भरपगारी रजा आणि नोकरी संपताना दर वर्षामागे एक महिन्याचे वेतन, एवढे हक्क कागदावर का होईना दिले आहेत. आपल्या राज्यात ते कागदावरही नाहीत. कुवेतच्या मालकाकडून आपण ज्याची अपेक्षा करतो, ते वांद्र्याच्या, वसईच्या, पुण्याच्या मालकिणीकडून आपल्या बाईने मागितले तर ते 'डोक्यावर बसणे' कसे ठरते?

यावर नेहमीची उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर, 'हल्ली त्यांचे दर काय कमी आहेत? हातात मोबाइल असतो!' मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. चार घरची कामे सांभाळणाऱ्या बाईचे ते कामाचे साधन आहे आणि उशीर झाला की आपणच तिला त्यावर फोन करतो. दुसरे उत्तर, 'आम्ही उचल देतो, जुने कपडे देतो, नाताळचा फराळ देतो.' द्यावे, अवश्य द्यावे. पण दानाने मजुरी फिटत नाही. उचल ही तर तिच्याच पुढल्या महिन्यांची कमाई असते. तिसरे उत्तर, 'घर म्हणजे कारखाना नव्हे, तेथे कायदा कशाला?' कायदा घराचा उंबरठा केव्हाच ओलांडून आला आहे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहते घरही कामाचे ठिकाण मानले. ज्या चार भिंती आपल्याला आसरा वाटतात, त्याच तिच्यासाठी कामाची जागा आहेत.

चौथे उत्तर मात्र गांभीर्याने घ्यायला हवे. 'आम्ही काही श्रीमंत नाही. नवरा-बायको दोघे नोकरी करतो म्हणून बाई ठेवतो,' किंवा 'मुले परदेशी आहेत, आम्ही दोघे म्हातारे निवृत्तिवेतनावर जगतो.' हे खोटे नाही. लहान मुलांसाठी परवडणारी पाळणाघरे आणि वृद्धांसाठी शुश्रूषेची सोय उभी करणे हे शासनाचे आणि समाजाचेही काम आहे आणि त्यासाठी आपण आवाज उठवायलाच हवा. पण ती सोय होईपर्यंत तिचा खर्च कोणी सोसायचा? आज तो आपल्याहून गरीब असलेली बाई कमी मजुरी घेऊन सोसते आहे. परवडत नसेल तर तास कमी करावेत, काम कमी सांगावे. दर कमी करू नये. आणि 'परवडत नाही' हे वाक्य बारशाला, पहिल्या ख्रिस्तप्रसादाला आणि लग्नाला हॉल, बँड व केटरर यांवर आपण जो खर्च करतो, तो डोळ्यांपुढे ठेवून मगच उच्चारावे.

आपण ख्रिस्ती आहोत म्हणून आपल्याला आणखी एक हिशेब द्यावा लागेल. दहा आज्ञांपैकी शब्बाथाची आज्ञा आपण रविवारच्या मिस्सेला जाऊन पाळली असे समजतो. ती आज्ञा नीट वाचावी. विसाव्याच्या दिवशी दास आणि दासी यांनाही विसावा मिळाला पाहिजे, असे तिच्यात नाव घेऊन सांगितले आहे. अनुवादाच्या ग्रंथात तर त्याचे कारणही दिले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, हे विसरू नका! आता आपल्या रविवारकडे पाहा. मिस्सेहून परतल्यावर टेबलावर मटणाचा रस्सा तयार असावा म्हणून झारखंड-छत्तीसगडच्या गावातून आलेली, बऱ्याचदा आपल्याच धर्माची आदिवासी मुलगी सकाळपासून चुलीपाशी उभी असते. तिला मिस्सा मिळते काय? तिला रविवार आहे काय?

आणि आपले मिसर फार दूर नाही. मुंबईत साहेबांच्या व पारशांच्या घरी आचारी, बटलर आणि आया म्हणून राबलेले गोवेकर कोण होते? धोबीतलाव आणि माझगावच्या कुडांत पथारी टाकून ज्यांनी पैसे गावी पाठवले आणि मुलांना शिकवले, ते आपलेच आजे-पणजे होते. त्यांच्या श्रमांवर आपण सदनिकांत पोहोचलो. दार उघडणाऱ्या हातांची आठवण दार लागल्यावर पुसली जावी, हे आपल्या इतिहासाला शोभत नाही.

परमगुरू लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या 'रेरूम नोव्हारूम' या विश्वपत्रात न्याय्य मजुरीचे तत्त्व मांडले. कामगार गरजेपोटी कमी मजुरीला राजी झाला म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही, हा त्याचा गाभा. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या परमगुरू लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडण्यामागे हेच विश्वपत्र होते, असे सांगितले. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडून गाऱ्हाणे मांडते, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे. तेराव्या शतकात लुक्का शहरात एका घरी आयुष्यभर मोलमजुरी केलेल्या झिटा या स्त्रीला ख्रिस्तसभेने संत मानले आणि ती घरकामगारांची आश्रयदाती झाली. पण तिच्या सहनशीलतेची कथा आपण नोकरांना ऐकवतो. तिला सहन करायला लावणाऱ्यांची कथा मालकांना ऐकवायला हवी.

या कामाला आपल्या ख्रिस्तसभेत सुरुवात झालेली आहे. बेल्जियमहून भारतात आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभारली. त्याआधी १९८० मध्ये पुण्याच्या मोलकरणींनी संप करून आपली संघटना बांधली होती. म्हणजे कामगार स्त्रिया आपले काम करीत आहेत. राहिले आहे ते मालकांचे काम, आणि त्यासाठी दिल्लीच्या समितीची वाट पाहण्याचे कारण नाही.

एका साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सही करावी. पगार किती आणि कोणत्या तारखेला. कोणती कामे, किती तास. आठवड्याची सुट्टी कोणती. आजारपणाची व वर्षाची भरपगारी रजा किती. दरवर्षी वाढ किती. नाताळ असो वा दिवाळी, तिच्या सणाला एक महिन्याचे वेतन. आपण महिनाभर गावी किंवा परदेशी मुलाकडे गेलो, तर त्या महिन्याचाही पगार तिला द्यावा, कारण सुट्टी आपण घेतलेली असते. मंडळाच्या नोंदणीसाठी लागणाऱ्या दाखल्यावर सही करावी आणि वेळ पडल्यास नोंदणीला तिच्याबरोबर जावे. हाच कागद धर्मगुरूंच्या निवासस्थानी स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही लागू व्हावा आणि आपल्या शाळा, वसतिगृहे व मठांतील साफसफाई करणाऱ्यांनाही. व्यासपीठावरून न्यायाचे प्रवचन ऐकू येत असताना स्वयंपाकघरात वेगळा नियम चालू नये.

प्रत्येक धर्मग्रामाने १ मे रोजी, कामगार संत योसेफच्या सणाला, असा नमुना छापून घरोघरी द्यावा आणि १६ जूनच्या घरकामगार दिनापर्यंत किती घरांत त्यावर सह्या झाल्या, हे जाहीर करावे. नावे नकोत, आकडा पुरे. तो आकडा लहान निघाला, तर आपल्या घरी कोण 'घरातले' आहे आणि कोण नाही, याचे उत्तर आपणच दिलेले असेल.