झुंज कुणाची, हार कुणाची?

‘कर्करोगाशी झुंज अपयशी.’ निधनाची बातमी अशीच छापून येते आणि आपणही ती वाचून पान उलटतो. पण मैत्रिणींनो, यात हरलं कोण? निदान उशिरा झालं, पैसे वेळेवर जमले नाहीत, हे सगळं बाजूला राहतं आणि ती बाईच लढायला कमी पडली, असा अर्थ उरतो.

ही लढाईची भाषा जगभर आहे. अमेरिकेत १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांनी कर्करोगाविषयीच्या कायद्यावर सही केली आणि ‘कर्करोगाविरुद्ध युद्ध’ हे शब्द रूढ झाले. स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या लेखिका सुसान सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये पुस्तक लिहून अशा रूपकांवर टीका केली. आजाराकडे आजार म्हणूनच बघा, असं त्यांचं म्हणणं. पुढे ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं लिखाण तपासलं, तेव्हा दिसलं की लढाईच्या भाषेनं कुणी खचतं, तर कुणाला त्यातूनच बळ येतं.

आपल्या बायका तर स्वतःच्या अनुभवातले शब्द काढतात. कुणी म्हणते, अंगाला वाळवी लागली होती. कुणी म्हणते, तण होतं, उपटून टाकलं. केस गळाले तर पानगळ म्हणतात, म्हणजे पालवी फुटणारच! या शब्दांत धीर आहे.

घातक शब्द एकच – ‘भोग’. भोग म्हटलं की उपाय संपला, उरलं ते सोसणं. वर ‘तिचंच काही चुकलं असेल’ ही कुजबुज. मग बाई गाठ लपवते. सुरुवातीला ती सहसा दुखत नाही, म्हणून दिवस ढकलते. पण हा भोग नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा २० वर्षं अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा आजारी मैत्रिणीला भेटायला गेलात, तर ‘तू लढणारी आहेस’ असं घाईनं म्हणू नका. आधी तिचा शब्द ऐका. ती लढाई म्हणाली तर लढाई म्हणा. रडावंसं वाटलं तर रडू द्या. आणि कुणी दबक्या आवाजात गाठीचं बोलली, तर शब्द नंतर शोधू. आधी तिच्यासोबत दवाखान्यात जा.