वर्णपट कोणाचा घ्यायचा?

चिलीतील सेरो पाचोनवरच्या रुबिन वेधशाळेने जून २०२५मध्ये पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. तिचे सर्वेक्षण पूर्ण वेगात आले की एका रात्रीत आकाशातील बदलांचे १ कोटीपर्यंत अलर्ट निघतील. त्यांत रूपविकारी तारे, अतिनवतारे, लघुग्रह सगळे मिसळलेले. एवढ्या नोंदी माणसाच्या नजरेखालून जाणे अशक्य, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पालोमारच्या झ्विकी सर्वेक्षणात खरा स्रोत कोणता आणि प्रतिमांच्या वजाबाकीतून उरलेला कचरा कोणता, हे न्यूरल नेटवर्क चांगले ओळखते. त्या कामात आपले खगोलशास्त्रज्ञ आशिष महाबळ यांचाही वाटा आहे.

खरी अडचण पुढे आहे. स्रोताचा प्रकार खात्रीने ठरतो वर्णपटावरून, आणि वर्णपट मिळतो तो बहुधा तेजस्वी, जवळच्या स्रोतांचा. मॉडेल शिकते त्यांच्यावर आणि निवाडा देते मंद, दूरच्या स्रोतांचा. स्रोतांचे प्रकार ओळखण्याच्या २०१८च्या ‘प्लास्टिक’ (PLAsTiCC) स्पर्धेत ही विषमता मुद्दाम ठेवली होती: शिकायला ८ हजारांहून कमी स्रोत, ओळखायला सुमारे ३५ लाख. विजेते काइल बून यांनी हाताशी असलेले प्रकाशवक्र अधिक ताम्रसृतीवर नेले, मंद केले, त्यांतल्या नोंदी विरळ केल्या आणि मग त्यांवर मॉडेल शिकवले. युक्ती अस्सल होती. पण ज्या प्रकाराचा एकही नमुना आपल्याकडे नाही, तो या वाटेने हाती लागत नाही. त्यासाठी आकाशाकडेच जावे लागते.

म्हणून दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्यांना आणि तो वाटणाऱ्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. प्रत्येक प्रस्तावात सर्वांत नाट्यमय उमेदवार पुढे केला जातो, हे समजण्यासारखे आहे. शोधनिबंध त्यावरच निघतो. तरी रात्रीचा थोडा भाग मॉडेल जिथे अडखळते त्या स्रोतांसाठी राखून ठेवा. हानलेच्या २ मीटरच्या हिमालयीन चंद्रा दुर्बिणीला २४व्या प्रतीच्या स्रोताचा वर्णपट मिळणार नाही. पण १८व्या प्रतीच्या आसपासही मॉडेलला न उमगणारे स्रोत असतातच, आणि ते तिच्या आवाक्यात आहेत. हाती आलेला वर्णपट अगदी साध्या ‘एक-ए’ अतिनवताऱ्याचा निघाला, तरी तो लगेच जाहीर करा. सोबत मॉडेलने आधी काय म्हटले होते तेही नोंदवा, विशेषतः ते चुकले असेल तेव्हा.