बसता न येणारा माणूस



फेब्रुवारी महिना आला की आम्हा विदर्भातल्या लोकांना बाबांची, म्हणजे बाबा आमट्यांची, आठवण येतेच. ९ फेब्रुवारी २००८ ला ते आनंदवनात गेले. त्यांच्या कुष्ठसेवेबद्दल आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. मला आज सांगायचं आहे ते त्यांच्या पाठीच्या दुखण्याबद्दल आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या आपल्या नागपूरच्या लेकीबद्दल.

ही लेक म्हणजे घुले शास्त्र्यांच्या घरातली इंदू. १९४६ मध्ये लग्न झालं आणि ती साधना आमटे झाली. सांगतात की, घरात लग्नाची धामधूम असताना ही मुलगी गुपचूप एका म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती, आणि बाबांनी नेमकं तेच पाहिलं! पुढे वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर दोघांनी संसार थाटला. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची.

काही वर्षांनी बाबांना मणक्याच्या विकारानं गाठलं. शस्त्रक्रिया झाल्या, पण बसणं कायमचं गेलं. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. आता जरा विचार करा हं! जेवणाचं पान, पाहुण्यांशी गप्पा, टेबलाशी बसून लिहिणं, गाडीतला प्रवास, आपलं निम्मं आयुष्य बसूनच तर जातं. असा माणूस आपल्या घरात असता तर आपण काय म्हटलं असतं? 'आता खूप झालं, आराम करा.'

बाबांनी मात्र १९८५ च्या डिसेंबरात, एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, शंभराहून जास्त तरुण मुलामुलींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. मुलं सायकलींवर, बाबा बसमध्ये आडवे. १९८८ मध्ये दुसरी यात्रा, अरुणाचलपासून गुजरातपर्यंत. आणि १९९० मध्ये, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम हलवला. साधनाताई बरोबर होत्याच. त्यांचं 'समिधा' हे आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा. साधनाताई ९ जुलै २०११ ला गेल्या.

मला वाटतं, साधनाताईंचं मोठेपण नुसतं सेवेत नव्हतं. दुखणाईत माणसाची सेवा आपण बायका करतोच. पण त्याचं काम त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही, हे अवघड. आनंदवनातही तेच घडलं. बोटं झडलेल्या हातांना तिथे शेती मिळाली, माग मिळाले. अंध आणि मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या.

आमच्या नात्यात एक आत्याबाई होत्या. लहानपणीच पोलिओनं एक पाय अधू झालेला. उन्हाळ्यात सरगुंडे, कुरडया करायच्या वेळी कुणी त्यांना कोपऱ्यात पंख्याखाली बसवलं की त्या कडाडायच्या, "मले काय शोभेसाठी बसवून ठेवता का? हात चालते नं माझे!" मग त्यांच्यासमोर परात सरकवावी लागे. त्या गेल्या त्या वर्षीचे सरगुंडे घरात कुणालाच गोड लागले नाहीत.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. पक्षाघातानं एक हात गेलेले सासरे असतील, नजर अधू झालेल्या आजेसासूबाई असतील, जन्मतःच पायानं अधू असलेली नणंद असेल. त्यांच्यासाठी फार काही करायला नको. मसाल्याचा डबा, पाण्याचा माठ, रेडिओ त्यांच्या हाताच्या उंचीवर आणून ठेवा. वाटेतल्या पायपुसण्या आणि स्टुलं हलवा. मोरीत भिंतीला धरायला एक दांडी बसवून घ्या. दिवसातलं एक तरी काम, शेंगा सोलणं असो, दुधाचा हिशेब असो की नातवाचे पाढे घेणं असो, पूर्णपणे त्यांचंच असू द्या. उशीर लागला, थोडं सांडलं, तरी मधे हात घालू नका. आणि आलेल्या पाहुण्यांनी "यांना चहात साखर किती?" असं तुम्हाला विचारलं, तर हसून म्हणा, "त्यांनाच विचारा की!"

नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवर, साधारण शंभर किलोमीटरवर, वरोरा लागतं. मुलांच्या सुटीत एक दिवस काढून आनंदवन बघून या. येताना तिथल्या हातांनी केलेली एखादी वस्तू घ्या, पण दया म्हणून नाही, चांगली आहे म्हणून घ्या.