शत्रूची मुलगी, आपली लेक

प्राचीन रोमवरचे चित्रपट म्हटले की जुन्या प्रेक्षकांना आधी आठवतात ते चार पांढरे घोडे. ‘बेन हर’मधली रथांची ती शर्यत! 1959 सालच्या या चित्रपटावर दीड कोटी डॉलर खर्च झाले आणि त्याने 11 ऑस्कर पटकावली.

हॉलिवूडला त्या काळी रोमचे एवढे वेड का लागले होते? त्याचे एक कारण होते टीव्ही. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि लोक चित्रपटगृहाकडे पाठ फिरवू लागले. घरच्या चिमुकल्या पडद्यावर मावणार नाही असे काहीतरी दाखवणे भाग होते. मग 1951 मध्ये ‘क्वो वादिस’ आला. 1953 मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपचा रुंद पडदा घेऊन आला. 1960 मध्ये गुलामांच्या बंडाची कथा सांगणारा ‘स्पार्टाकस’ झळकला. 1963 च्या ‘क्लिओपात्रा’च्या खर्चाने तर तो काढणारी कंपनीच बुडायची वेळ आली. पुढच्याच वर्षी ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’ आपटला आणि ही लाट ओसरली.

या लाटेच्या काळातच, ‘बेन हर’च्या एक वर्ष आधी, मुंबईच्या चित्रसृष्टीनेही आपले एक रोम उभारले होते. चित्रपट होता बिमल रॉय यांचा ‘यहुदी’. रंग नाहीत, रुंद पडदा नाही. पण दिलीपकुमार रोमन राजपुत्र, मीनाकुमारी ज्यूकन्या आणि सोहराब मोदी तिचा बाप! यातले मुकेशच्या आवाजातले एक गाणे घराघरात पोचले. त्याच गाण्यासाठी शैलेंद्र यांना गीतकाराचे पहिले फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. आज अनेकांना हा चित्रपट आठवतो तो त्या गाण्यापुरताच. त्याची कथा मात्र विसरण्याजोगी नाही.

एझ्रा हा ज्यू जवाहिऱ्या. एका क्षुल्लक अपराधासाठी रोमन अधिकारी ब्रूटस त्याच्या कोवळ्या मुलाला सिंहांपुढे टाकतो. सूड म्हणून एझ्राचा नोकर ब्रूटसची एकुलती एक मुलगी पळवून आणतो. शत्रूचे मूल आता एझ्राच्या हातात असते. पण त्याचा हात उठत नाही. तो तिला हॅना म्हणून, स्वतःची लेक म्हणून वाढवतो. ती मोठी होते, आणि एके दिवशी ब्रूटसवरच त्या दोघांना उकळत्या तेलात टाकण्याची शिक्षा फर्मावण्याची वेळ येते. तेव्हा एझ्रा तोंड उघडतो.

ही कथा मूळची युरोपातली. 1835 साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या ‘ला झुईव्ह’ या संगीत नाटकात ती पंधराव्या शतकातल्या कॉन्स्टन्स शहरात घडते. तिथला ज्यू बाप सत्य सांगतो, पण मुलगी उकळत्या कढईत पडल्यावर! आगा हश्र काश्मिरी यांनी पारशी रंगभूमीसाठी ‘यहूदी की लड़की’ लिहिताना ही कथा रोममध्ये नेली. ‘यहुदी’ त्याच नाटकावर बेतलेला आहे. त्यात सत्य वेळेवर बाहेर पडते आणि मुलगी वाचते.

हा बदल लहान नाही. मुलीचा जीव घेऊन पुरा झालेला सूड आपल्या प्रेक्षकाला पचला असता का? ज्याने तिला लहानाचे मोठे केले, त्याच्या तोंडून तिचा मृत्यू ओढवला जावा, हे इथल्या घरांत कुणालाच पटले नसते. बेन हरचा द्वेष ख्रिस्ताच्या क्रुसापाशी गळून पडतो. एझ्राचा द्वेष गळून पडतो तो एका लहानग्या पोरीला कडेवर घेतल्यावर.

एझ्रा काही साधुपुरुष नाही. त्यानेही एका बापाला वर्षानुवर्षे लेकीसाठी झुरत ठेवले आहे. म्हणूनच शेवटी दोन बाप समोरासमोर उभे राहतात, तेव्हा कुणा एकाची बाजू घेणे सोपे जात नाही. एकाचे रक्त तिच्यात आहे, दुसऱ्याने तिला घास भरवले आहेत.

मराठी माणसाला तर ज्यू हा परका नव्हेच. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके मराठी बोलत इथे नांदले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. कुणाला सिंहांपुढे टाकले नाही.

‘बेन हर’मधले घोडे डोळे दिपवतात यात शंका नाही. पण घरी मुलांसोबत बसून रोमची एखादी कथा बघायची असेल, तर ‘यहुदी’ही लावून पाहावा. चित्रपट संपल्यावर मुलांना एवढेच विचारावे, ‘हॅना खरी कुणाची लेक?’ उत्तर एकमताने येणार नाही. त्यावरून रंगलेला वाद जेवणाच्या पाटावरही चालू राहिला, तर चित्रपट पाहिल्याचे सार्थक झाले म्हणायचे.