जुनी जीप आणि पहिला खर्च



आपल्या वस्तीतला एखादा तरुण जुनी फोर-व्हील जीप घेतो, तेव्हा ती निव्वळ हौसेची गाडी क्वचितच असते. वडिलांच्या फंडातले थोडे, पतपेढीचे थोडे आणि आईने जपून ठेवलेले थोडे, असे करून ती दारात येते. डोंगरातल्या वाडीवरून दुधाचे कॅन खाली आणणे, बाजाराचा माल नेणे, पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवणे, ही तिची कामे. घरचा हप्ता तिच्याच चाकांवर फिरत असतो.

अशी गाडी आली की सल्ला देणारेही गोळा होतात. एक म्हणतो रुंद टायर टाक, दुसरा म्हणतो गाडी चार इंच उचल, तिसरा लोखंडी बंपर सुचवतो, चौथा टपावर दिव्यांची पट्टी. महिन्याभरात गाडी रुबाबदार दिसते आणि पहिल्याच पावसात चिखलात रुतून बसते. म्हणून कच्च्या रस्त्यासाठी हाताशी असलेला थोडा पैसा आधी कुठे घालावा, याचा आज विचार करू. भगिनींनीही हे वाचावे, कारण हा पैसा घरातला आहे.

प्रथम गाडी खरोखर फोर-व्हील आहे का ते पाहावे. जुन्या जीपगाड्यांत सारख्याच दिसणाऱ्या काही गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. खाली वाकून पाहावे. पुढच्या दोन चाकांच्या मधेही मागच्यासारखाच डिफरन्शियलचा गोळा आणि त्याला जाणारा शाफ्ट हवा. नुसता जादा दांडा दिसला म्हणून समाधान मानू नये. मऊ मातीत दांडा टाकून पुढची चाके ओढतात का, याची खात्री करावी. काही गाड्यांना पुढच्या चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायचे हब असतात. ते लॉक केल्याशिवाय पुढची चाके ओढणार नाहीत. कित्येकांना हे ठाऊक नसते आणि गिअरबॉक्सला दोष लागतो.

आता पैशाची वाटणी. हातात दहा रुपये आहेत असे धरले, तर आम्ही चार रुपये दुरुस्तीला, चार टायरला, एक ओढून काढण्याच्या सामानाला आणि एक गाठीला ठेवू. दिखाऊ वस्तूंना यात जागा नाही.

दुरुस्तीचे चार रुपये सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, पाट्यांचे बुश, यू-बोल्ट आणि तुटके पान बघून घ्यावे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे तेल बदलावे. तेल दुधासारखे पांढरट निघाले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. डिफरन्शियलच्या वर हवा सोडणारी छोटी नळी असते. ती तुंबली की गरम गोळा पाण्यात उतरताच थंड होतो आणि सिलातून पाणी आत ओढतो. ही नळी साफ करून, साध्या रबरी पाइपाने उंचावर बांधून घ्यावी. काही रुपयांत हजारोंचे गिअर वाचतात. दिवे मिणमिणत असतील तर नवे घेण्याआधी अर्थिंगची तार आणि जोड घासून पाहावेत. पुष्कळदा दोष तिथेच असतो.

दुसरे चार रुपये टायरचे. गाडीचे सगळे इंजिन जमिनीला टेकते ते या चार ठिकाणी. घेताना टायरच्या बाजूवरील खुणांत शेवटचे चार आकडे वाचावेत. ३५१८ असे असेल तर तो २०१८ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी खोल दिसली तरी जुना, भेगाळलेला टायर घेऊ नये. नक्षी आपल्या मातीप्रमाणे निवडावी. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या चिकट मातीत बारीक नक्षी लगेच भरून गुळगुळीत होते. तिथे खाचा रुंद हव्यात, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाते. ज्याचा निम्म्याहून अधिक प्रवास डांबरी रस्त्यावर, त्याला मात्र मधल्या प्रकारची नक्षी बरी. खूप खडबडीत टायर डांबरावर लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक नीट धरत नाही.

चारही टायर एकाच मापाचे असावेत. चार एकदम जमत नसतील तर एका आसावर तरी जोडी सारखी ठेवावी आणि दुसरी जोडी त्याच मापाची घ्यावी. पुढची-मागची चाके लहानमोठी असली की फोर-व्हीलमध्ये आतल्या गिअरवर पीळ बसतो. याच कारणाने या जुन्या गाड्यांचे फोर-व्हील कोरड्या डांबरावर टाकू नये. ते चिखल, रेती आणि सैल खडीसाठी आहे.

फुकटात मिळणारी सुधारणा म्हणजे टायरची हवा. मऊ चिखलात किंवा रेतीत हवा साधारण एक तृतीयांश कमी केली, तर टायर पसरतो आणि चांगला धरतो. तीस असेल तर वीस करावी. ट्यूबच्या टायरची हवा याहून फार उतरवू नये, कारण टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह उपटून निघतो. डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरावी. यासाठी हवेचा मीटर आणि पायपंप गाडीत हवाच.

नवव्या रुपयाचे सामान साधे आहे. पुढे आणि मागे एकेक मजबूत हूक घ्यावा आणि तो चेसिसला बोल्टने पक्का करावा, बंपरला नव्हे. गाडीच्या वजनाला पुरेल असा चांगला पट्टा, दोन शॅकल, एक फावडे आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. एवढ्यावर बहुतेक रुतलेल्या गाड्या निघतात. मात्र ताणलेला पट्टा तुटला तर माणूस दगावतो. ओढताना त्यावर ओले पोते टाकावे आणि बघ्यांना, विशेषतः मुलांना, पट्ट्याच्या लांबीहून दूर उभे करावे.

गाडी उचलण्याचे काय? पाटे उंच केले की चेसिस उचलली जाते, पण आसावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगड लागतो तो त्यालाच. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एकच इंच वर जातो. उलट उंच गाडी वळणावर कलंडायला सोपी होते. भरलेले कॅन आणि माणसे घेऊन घाटात उतरणाऱ्याने हे विसरू नये.

कायद्याचीही बाजू आहे. नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मना आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढे लावायच्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. अपघात झालाच तर विमा कंपनीही अशा बदलावर बोट ठेवते. म्हणून टायरही उत्पादकाने सांगितलेल्या मापातच घ्यावेत.

दहावा रुपया गाठीला. तो क्लचच्या, पंक्चरच्या किंवा धंदा नसलेल्या आठवड्याच्या कामी येईल. एक पावसाळा गाडी जशी आहे तशी चालवावी आणि ती कुठे अडली ते वहीत लिहून ठेवावे. पुढचा खर्च ती वहीच सांगेल.

शेवटी एक गोष्ट कोणत्याच पैशाने विकत मिळत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर हूक, टायर, फोर-व्हील काही कामाचे नाही. तिथे गाडी थांबवून पाणी ओसरण्याची वाट पाहणारा ड्रायव्हर हवा. सवारी कितीही घाई करो, तो थांबला तर घरचे त्याला बोल लावणार नाहीत, एवढी हमी मात्र घरातल्या माणसांनी त्याला आधीच द्यावी.